चाकांवरचे बिऱ्हाड

मे महिन्यात माणसाने फिनिक्सला जाऊ नये. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याची ही राजधानी भर वाळवंटात वसली आहे आणि मेच्या मध्याला तिथला पारा चाळिशीशी खेळू लागतो. पण आम्हां मास्तर मंडळींना लांब सुट्टी मिळते ती मेमध्येच. माझी थोरली बहीण तिथे राहते. तेव्हा कॉलेजचे पेपर तपासून होताच मी आईला घेऊन त्या भट्टीत जाऊन पडलो.

आईचे वय ७६. तिची एकच इच्छा होती, ग्रँड कॅन्यन पाहायची. आमचे वडील हायस्कुलात भूगोल शिकवीत. कोलोरॅडो नदीने कोरलेली ती दरी त्यांनी तीस वर्षे फळ्यावर खडूने काढली. प्रत्यक्ष काही पाहिली नाही. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली. "त्यांच्या वाटची मी बघून येते," असे आई म्हणाली, तेव्हा कोणी काही बोलण्यासारखे उरलेच नाही.

फिनिक्सहून दरीचा दक्षिण काठ साधारण २३० मैल. साध्या मोटरने चार तासांची वाट. पण आईचे गुडघे धरलेले, आणि वयाप्रमाणे तासातासाला उतरण्याची अडचण. वाळवंटातल्या सडकेवर ती कशी भागायची? दाजींनी यावर तोड काढून ठेवली होती, आणि ती तोड त्यांच्या अंगणात उभी होती.

अमेरिकेत जिला मोटरहोम म्हणतात अशी ती गाडी, १९९१ सालची. पुढचे तोंड व्हॅनचे आणि मागे एक अख्खे बिऱ्हाड: दोन पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी आणि संडास. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण इतके सोयीचे बिऱ्हाड विंचवाच्याही नशिबी नसेल. निवृत्त झाल्यावर दाजींनी ती जुन्या बाजारात ९ हजार डॉलरला घेतली होती. ताई तिला 'धूड' म्हणे.

आम्ही पोहोचल्यावर चौथ्या दिवशी दाजींनी आईला पुढच्या खुर्चीत बसवून गावाबाहेर एक फेरी मारून आणली. दुपारचे तीन वाजले होते. डॅशबोर्डवरचे गारव्याचे बटण दाबले, पंखा घोंगावू लागला. पण जाळीतून आला तो चुलीसमोरचा वारा. या गाड्यांत इंजिन पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध, एका झाकणाखाली असते. त्याची धग पायांना, समोरच्या भल्या मोठ्या काचेतून ऊन तोंडावर. वीस मैलांत आईचा चेहरा लालबुंद झाला आणि घरी उतरताना तिला घेरी आली. ताईने ओले पंचे लावले, लिंबूपाणी दिले. तासाभराने आई सावरली. पण ताई काही सावरली नाही.

"हे धूड विका," ती दाजींना म्हणाली. "आईला यात घालून नेणार असाल, तर मी दारात आडवी पडेन."

मी माझे अज्ञान पाजळले. म्हटले, "दाजी, टपावर एवढे थोरले वातानुकूलन यंत्र बसवले आहे, ते का नाही चालवत?"

"प्रोफेसर, ते घराचं, हे मोटारीचं," दाजी म्हणाले. मग त्यांनी समजावून दिले. टपावरचे यंत्र १२० व्होल्टच्या विजेवर चालते. मुक्कामाच्या जागी तारेने वीज घ्यायची, किंवा गाडीतला जनरेटर लावायचा. चालत्या गाडीतही तो लावता येतो. तासाला अर्धा गॅलनच्या आसपास पेट्रोल पितो. पण त्याचा गारवा मागच्या पलंगावर पडतो. पुढे इंजिनाशेजारी बसलेल्याच्या वाट्याला फारसा येत नाही. डॅशबोर्डचे यंत्र निराळे. ते इंजिनाच्या पट्ट्यावर फिरते, आणि ते मुळी व्हॅनच्या पुढच्या भागापुरतेच बेतलेले असते. आईने मागे पलंगावर पडून यावे, ही सूचना मी केली. आईने ती तिथल्या तिथे फेटाळली. "आढ्याकडे बघत जायला मी एवढ्या लांब आले का?"

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. त्यांनी अर्धा तास पाहिल्यासारखे केले आणि छापील कागद हाती दिला: सगळी व्यवस्था नवी बसवावी, २,६०० डॉलर. बिघाड कुठे आहे, याबद्दल कागदावर एक अक्षर नव्हते. दाजींनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला. ते जन्मभर इंजिनियर; 'काय बिघडलंय ते माहीत नाही, म्हणून सगळंच बदला' हा विचार त्यांच्या पचनी पडणे कठीण. त्यांनी ताईकडे आठ दिवसांची मुदत मागितली. ताईने ती दिली. पण आठ दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर गाडी विकायची आणि आईने फोटोवर समाधान मानायचे, असे ठरले. मला टॉर्च धरण्याचे काम मिळाले.

आता या यंत्राची करामत थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार लागते, ते का? स्पिरिट उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने, आणि वाळ्याचे पडदे भिजवून आपले आजोबा दुपार काढीत तेही याच न्यायाने. मोटारीत फरक इतकाच की उडून गेलेले द्रव्य वाया जाऊ द्यायचे नाही, ते पुन्हा पकडून आणायचे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा काँप्रेसर त्या वायूला दाबतो, म्हणजे तो तापतो. गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीत, कंडेन्सरमध्ये, बाहेरच्या वाऱ्याने त्याची उष्णता जाते आणि तो पातळ होतो. मग एका बारीक नळीतून त्याला एकदम मोकळ्या जागेत सोडले की तो उकळू लागतो. नुसता उकळत नाही, गारठतो. त्या गारठलेल्या वेटोळ्यावरून पंखा वारा ढकलतो, तो आपल्या तोंडावर येतो. यात वायू खर्च होतच नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी निसटला, एवढाच अर्थ.

हे शेवटचे वाक्य दाजींनी मला तीनदा ऐकवले. नुसता वायू भरून देणाऱ्या मिस्त्र्यांवर त्यांचा विशेष राग.

पहिल्या संध्याकाळी बॉनेट उघडले. आत एक निळसर चिठ्ठी चिकटवलेली होती, निम्मी करपलेली. दाजींनी ती वाचली आणि मान हलवली. १९९१ सालच्या गाडीत मुळात आर-१२ नावाचा जुना वायू असे. मधल्या कुणा मालकाने तो काढून आर-१३४ए हा नवा वायू भरला होता, त्याची ती नोंद. काँप्रेसरच्या तोंडाशी विजेचा क्लच असतो. बटण दाबले की 'टक्' असा आवाज होऊन तो पुलीला धरतो. आमचा क्लच गप्प. फ्यूज शाबूत, तारेत वीज येत होती. मग दाजींनी निळ्या आणि तांबड्या नळ्यांचे दाबमापक लावले. हवा ३० अंशांवर असताना बंद यंत्रात काटा ९५ पौंडांच्या आसपास हवा. तो २५ वर लोळत होता. दाब इतका उतरला की एक छोटा स्विच क्लचची वीज तोडतो, काँप्रेसर कोरडा फिरून मरू नये म्हणून. म्हणजे क्लच बिघडला नव्हता. तो शहाणपणाने संपावर गेला होता.

शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून सल्ला दिला की बाजारात गळती बुजवणारे औषध घातलेला डबा मिळतो, तो ओता आणि मोकळे व्हा. दाजींनी त्यांचे आभार मानले आणि तो डबा आणला नाही. ते चिकट औषध बारीक नळ्यांत बसले तर बसले, पुढे वायू काढून घेणाऱ्याचे यंत्रही बिघडवते. त्यांनी आणला तो साधा वायूचा एक डबा आणि त्याबरोबर पिवळट रंगाचे द्रव्य. ते तेलाबरोबर सगळीकडे फिरते आणि जिथून गळते तिथे जांभळ्या दिव्याखाली चमकते.

डबा रिकामा झाला, 'टक्' झाले आणि जाळीतून खरोखर गार वारा आला. ताई आनंदली. "झालं की!"

"हे उसनं आहे," दाजी म्हणाले. दोन दिवसांत वसुली झाली. क्लच पुन्हा गप्प.

रात्री अंधार करून आम्ही जांभळा दिवा घेऊन इंजिनात डोकावलो. काँप्रेसर पाहिला, रबरी नळ्या पाहिल्या, पुढची जाळी पाहिली. तासभर पाहूनही कुठे काही चमकेना. दाजी खालून पाहत होते, मी वरून. दोघांच्या पाठी मोडल्या. सकाळी त्याच उघड्या बॉनेटशी आई चहाचे कप घेऊन आली. काठी टेकून उभी राहिली, आत डोकावली, आणि कोपऱ्यात एका डब्याकडे जाणाऱ्या नळीवर बोट ठेवून म्हणाली, "सगळीकडं धूळ आहे ती कोरडी. इथलीच तेवढी तेलकट का?"

दाजी कप खाली ठेवून धावले. नळीच्या जोडाच्या खालच्या अंगाला, जिथे आमचा दिवा पोहोचला नव्हता, तेलात कालवलेल्या मातीचा थर बसला होता. वायूबरोबर यंत्रातले तेलही बाहेर येते. वायू उडून जातो, तेल धूळ धरते. दाजींनी छोटा आरसा धरून दिवा पाडला, तर अंगठी घातल्यासारखे हिरवे कडे चमकले.

"कुकरची शिट्टी होत नाही तेव्हा आम्ही आधी गास्केट बघतो," आई म्हणाली आणि आत गेली. तिला त्यात विशेष काही वाटले नाही.

गास्केटच होते. त्या जोडात स्प्रिंगचे एक कडे बाहेरून अडकवलेले असते आणि आत रबराच्या दोन बारीक ओ-रिंगा. पहिल्या वायूच्या काळातल्या जुन्या रिंगा नवा वायू भरताना कोणी बदलल्याच नव्हत्या. उन्हाने आणि वयाने त्या चपट्या, टणक झाल्या होत्या. आमच्या मोठ्या वर्कशॉपने मागितलेले २,६०० डॉलर या दोन रिंगांवर उभे होते.

पण जोड उघडायचा तर आतला उरलासुरला वायू काढायला हवा. तो हवेत सोडायला अमेरिकेत कायद्याने बंदी आहे. मैलभरावर एक एकटा मिस्त्री होता, त्याच्याकडे परवाना आणि वायू काढून साठवण्याचे यंत्र दोन्ही. त्याने ६० डॉलर घेतले आणि पावती दिली. वर एक शब्द टाकला: "ती बारीक नळी उपसून बघा. तिच्यात काय निघतं त्यावर सगळं आहे."

दाजींना ते ठाऊक होते. आम्हांला मात्र त्यांनी सांगितले नव्हते. ज्या नळीतून वायू मोकळ्या जागेत सुटतो, तिच्यावर बारीक जाळी असते. काँप्रेसर आतून झिजत असेल तर धातूचा कीस येऊन त्या जाळीवर बसतो. तसे निघाले तर रिंगा बदलून काही उपयोग नाही. कीस सगळ्या नळ्यांत गेलेला, काँप्रेसर, कंडेन्सर सारेच बदलायचे. म्हणजे त्या छापील कागदाचे म्हणणे खरे ठरायचे. तो मुदतीचा सहावा दिवस होता. लांब चिमट्याने दाजींनी नळी ओढली. ती अडकली, तुटते की काय असे वाटले. ताई नेमकी तेव्हाच बाहेर आली आणि काही न बोलता उभी राहिली. करंगळीएवढी ती नळी अखेर हाती आली. दाजींनी ती पांढऱ्या कागदावर झटकली, बोटाने चोळली, चष्मा वर करून पाहिली. तपकिरी तेलाचा एक डाग, दोनचार काळे रबराचे कण. चकाकणारे काही नाही.

"काँप्रेसर ठणठणीत आहे," दाजी म्हणाले. ताई आत जाऊन आमच्यासाठी कलिंगड कापून घेऊन आली. तिच्यापुरता तो शरणागतीचा कागद.

नव्या हिरव्या रिंगा तेलात भिजवून बसवल्या. ओल शोषणारा डबा नवा घातला. एकदा यंत्र उघडे पडले की तो बदलावाच लागतो. मग उसना आणलेला निर्वात पंप लावला. आतली हवा तर काढायचीच, पण खरा शत्रू पाण्याचा अंश. दाब अगदी उतरला की पाणी साध्या उन्हातही उकळून वाफ होते, आणि पंप ती ओढून घेतो. काटा २८ इंचांच्या खाली गेला. पाऊण तास थांबायचे होते. गॅरेजच्या सावलीत बसून दाजींनी मला या वायूंचे पुराण ऐकवले, आणि ते ऐकण्यासारखे आहे.

मोटारीत कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून देणारी पहिली कंपनी पॅकार्ड. १९३९ साली तिने ते जाहीर केले. सामानाच्या डिकीतली निम्मी जागा त्या यंत्राने खाल्ली होती, आणि त्याला क्लच नव्हता. गारवा नको झाला तर उतरून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा! श्रीमंतांनाही ते परवडेना. गरिबांनी खिडकीला पाण्याचे नळकांडे टांगून, वाऱ्याने ते पाणी उडवून वाळवंट ओलांडले. म्हणजे पुन्हा आपले वाळ्याचे पडदेच.

आणि तो जुना वायू? त्याच्या कुळाचा जनक टॉमस मिजली नावाचा अमेरिकन संशोधक. त्याआधीचे शीतकरणाचे वायू विषारी किंवा पेट घेणारे. मिजलीने १९३० साली भरसभेत आपला नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. विष नाही, आगही नाही! सभेने माना डोलावल्या. पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्तीही याच गृहस्थांची. एका माणसाच्या हातून जगाचे इतके भले आणि इतके वाईट क्वचितच झाले असेल. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या दोघांनी दाखवून दिले की हा निरुपद्रवी वायू आकाशात उंच जाऊन फुटतो आणि सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला राखणारा ओझोनचा थर खातो. १९८५ साली दक्षिण ध्रुवावर त्या थराला पडलेले भगदाड प्रसिद्ध झाले. १९८७ साली माँट्रियलला राष्ट्रांनी करार केला, आणि १९९६ पासून अमेरिकेत आर-१२ चे नवे उत्पादन थांबले. मोलिना-रोलंडांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह १९९५ साली नोबेल मिळाले. मिजली हे सारे पाहायला नव्हता. तो १९४४ सालीच गेला.

"मग आपला नवा वायू सोवळा?" मी विचारले.

"ओझोनला सोवळा. पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून जास्त पट. म्हणून तर त्या मिस्त्र्याला साठ डॉलर दिले. नाहीतर एक नट सैल केला असता, कुणी बघायलाही नव्हतं." एवढे बोलून दाजी उठले आणि काट्याकडे गेले. पंप बंद करून अर्धा तास झाला तरी काटा जागचा हलला नव्हता.

वायू भरताना तो तोलून भरायचा. जुन्या यंत्रात नवा वायू मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्केच घालतात. जास्त झाला तर दाब भडकतो आणि गारवा उलट कमी होतो. बाहेर ४१ अंश असताना जाळीतला वारा १३ अंशांवर आला. सिग्नलला गाडी थांबली की १८. नव्या गाडीसारखे नाही. जुन्या वायूच्या मापाच्या जाळीवर नवा वायू इतकेच करू शकतो. दाजींनी ते मान्य करून टाकले. ताईने मात्र एक भर घातली: पुढच्या खुर्च्यांच्या मागे, बिऱ्हाडाच्या तोंडाशी तिने आईचे जुने सुती नऊवारी आडवे बांधले. पंचवीस फुटांची खोली गार करण्याचा भार गेला आणि पुढे दोन अंश उतरले.

आठव्या दिवशी सकाळी निघालो. पंचेचाळीस मैल छान गेले. ब्लॅक कॅन्यन सिटीच्या पुढे सडक डोंगर चढू लागते. दाजींनी पाय दाबला, इंजिन गुरगुरले, आणि समोरच्या जाळीतला वारा हळूहळू मेला. आई म्हणाली, "बंद का केलंत?"

ताईने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

पण दाजींनी हात वर करून समोरच्या काचेपाशी धरला. गार वारा होता. तो वर काचेवर जात होता! चढाव संपून रस्ता सपाट झाला की पुन्हा तोंडावर. विश्रामस्थळी गाडी थांबवून दाजी चक्क हसू लागले. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांत वारा कुठे जावा, हे ठरवणारी झडप इंजिनाच्या ओढीने, निर्वाताने हलते. चढणीवर इंजिनाची ओढ कमी पडते, म्हणून थोडी ओढ एका डब्यात साठवून ठेवलेली असते. डब्याची नळी फुटली की साठा नाही. आणि ओढ नसेल तेव्हा झडप मुद्दामच काचेकडे उघडावी अशी बांधलेली, म्हणजे काचेवर धुके धरून चालक आंधळा होऊ नये. बॉनेटखाली बोटभर लांबीची एक रबरी नळी वाळून चिरली होती. दाजींनी चिरलेले टोक चाकूने कापले आणि उरलेली नळी ओढून बसवली. खर्च शून्य.

पुढच्या चढणीवर आम्ही चौघेही त्या जाळीकडे बघत होतो. वारा तोंडावरच राहिला.

फ्लॅगस्टाफला पोहोचलो तर ते गाव ७ हजार फुटांवर, पाइनच्या झाडीत. तिथे यंत्राची गरजच उरली नाही. संध्याकाळी आई दरीच्या काठावर कठड्याला धरून उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "ते नदी निळ्या खडूनं काढायचे. ही तर मातकट आहे." वडिलांची चूक सापडल्याचा आनंद तिच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी परत उतरताना फिनिक्सचा पारा ४२ वर होता. डॅशबोर्डचे बटण शेवटपर्यंत फिरवलेले, जाळी आईच्या दिशेने वळवलेली. तासाभराने तिने शाल मागितली.

"दाजी," ती म्हणाली, "पाय गारठले हो. बारीक करता का जरा?"

दाजींनी ताईकडे एकदा पाहून घेतले आणि बटण एक घर मागे आणले.